जयंतीची तारीख

नागसेननं प्रतिज्ञालेख शनिवारीच मेहकरला टाईप करून ठेवला होता. तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज लिहिण्यात त्याची चोवीस वर्षं गेली होती आणि कुठल्याही माणसाची कुठलीही अडचण तो पाऊण पानात बसवू शकत असे. स्वतःच्या पोराच्या कागदाला मात्र त्याला तीन पानं फाडावी लागली. चौथं पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो रविवारी सकाळी डोणगावला आला, मोटारसायकल अंगणात लावली आणि हातपायही न धुता बापासमोर बसला.

"बाबा, खाली सही करा. बस, एवढंच काम हाये."

गुलाबरावांनी चष्मा लावला. पोस्टमन म्हणून छत्तीस वर्षं गावोगावची पत्रं लोकांना वाचून दाखवलेला हा माणूस स्वतःच्या सहीचा कागद न वाचता सोडेल, अशी आशा नागसेनलाही नव्हती.

"'मी, गुलाबराव संपत अवसरमोल, राहणार डोणगाव, प्रतिज्ञापूर्वक लिहून देतो की माझा नातू प्रसेनजित याचा जन्म दिनांक चौदा एप्रिल दोन हजार सहा रोजी...'" गुलाबराव थांबले. "चौदा एप्रिल?"

"शाळेत तुमीच तं देली."

"शाळेत देली. प्रतिज्ञेवर नाई देली."

शाळेत दिली होती, आणि छाती काढून दिली होती. गुलाबराव लहानपणी स्वतः शाळेत गेले तेव्हा मास्तरनं कुणाला काही न विचारता एक जून लिहून टाकलं होतं. त्या वर्षी वस्तीतली सगळीच पोरं एक जूनला जन्मली. आपली लेकरं मास्तरच्या सोयीनं जन्मणार नाहीत, असं गुलाबरावांनी तेव्हाच ठरवलं असावं. नागसेनला पहिलीत घालताना ते ताठ उभे राहून म्हणाले, चौदा एप्रिल लिहा. पुढे नात महामाया झाली, तिचीही तीच. मग प्रसेनजित. एका घरात तीन माणसं बाबासाहेबांच्या जयंतीला जन्मलेली. प्रसेनजित तर सहा वर्षांचा होईपर्यंत समजत होता की ते बँड, ती रोषणाई, मेहकरहून आलेला तो डीजे, सगळं त्याच्याच वाढदिवसाचं आहे. शेजारच्या सोयगावातही मिरवणूक निघते हे कळलं तेव्हा तो हबकून गेला होता.

या तारखेनं एकोणीस वर्षांत कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. प्रसेनजित चार वर्षं जिथं राहून खेळत होता त्या पुण्याच्या फुटबॉल क्लबमधून शुक्रवारी फोन आला आणि ती तारीख घरात येऊन बसली. देशाच्या वीस वर्षांखालील संघाच्या सरावासाठी तीस पोरं निवडली होती, त्यात प्रसेनजितचं नाव होतं. डावी विंग, म्हणजे डाव्या कडेनं धावणारा. फक्त या वेळी शाळेचा दाखला चालणार नव्हता, जन्माचा दाखला पाहिजे होता. आणि पोरगा दोन हजार सहाच्या एक जानेवारीनंतर जन्मलेला पाहिजे होता.

प्रत्यक्षात प्रसेनजित जन्मला त्या एप्रिलच्या आधीच्या हिवाळ्यात, दोन हजार पाच सरता सरता, कापूस वेचणीच्या दिवसांत, वावरात. दवाखान्यातल्या लेकरांची नोंद आपोआप होते. वावरातल्या लेकराची ग्रामपंचायतीत कुणी केलीच नाही. म्हणजे आता आजोबा प्रतिज्ञेवर जी तारीख सांगतील ती लागणार. कुणी पकडायला येणार नव्हतं, कारण पकडायला कागदच नव्हता. नागसेनच्या धंद्याच्या भाषेत, केस एकदम साफ होती.

"मी सही करत नाई," गुलाबराव म्हणाले आणि कागद होता तसा परत दिला.

*

नागसेनची आई सिंधूताई ओसरीच्या टोकाला तूर निवडत होत्या. बाप-लेकाचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण त्यांचं लक्ष खांबाला टेकून बसलेल्या नातवाच्या पायांवर होतं.

रात्रीच्या गाडीनं तो शनिवारी सकाळी आला, तेव्हा त्यांनी त्याच्या पायाला तेल लावलं होतं. डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. शेजारच्या बोटाला नखच नाही. घोट्यावर जुनी शिवण, पोटरी इतकी कडक की अंगठा रुतेना. सिंधूताईंनी आयुष्यभर राबणारे पाय पाहिले होते, स्वतःचे धरून. हे तसे नव्हते. हे पाय कुणीतरी रोज तासून तासून बनवलेले होते, आणि ते बनवणारा त्यांचा उष्टं टाकणारा, दुधावरची साय चोरणारा नातू होता. त्यांना एकदम संकोच वाटला आणि त्यांनी हात काढून घेतला. तो म्हणाला, "लाव ना आजी," तेव्हा परत लावायला लागल्या.

"अहो," त्या आता नवऱ्याला म्हणाल्या, "पोराचं भलं होऊन राह्यलं तं करा ना सही. एक महिना इकडचा तिकडं झाला तं कोणाचं काय जाते?"

"कोणाचं काय जाते? तीस पोट्टे घेणार. हा नसता तं एकतीसावा गेला असता ना आत? त्याचं जाते." गुलाबराव नातवाकडे वळले. "अन् तारीख कोणाची, ते पाह्य. तवा मी ते मानापायी देली होती. आता तेच तारीख फायद्यापायी चालवू? बाबासाहेबाच्या नावावर?"

प्रसेनजित अंगठ्याचं काळं नख चाचपत बसला. घरी आल्यापासून तो कमीच बोलत होता. सिंधूताईंना वाटलं, हा कुणाच्या बाजूचा आहे तेच कळत नाही.

तेवढ्यात माणिकराव आले. शाळेच्या मैदानाला लागून त्यांचं वावर आहे आणि त्याच वावरात प्रसेनजित जन्मला, म्हणून नागसेननं त्यांना साक्षीदार धरलं होतं. एकेकाळी या घरची माणसं माणिकरावांच्या बापाकडे वेचणीला जात आणि चहा अंगणात पीत. आता माणिकराव ओसरीवर येऊन बसले, चहाचा कप हातात घेतला आणि प्रसेनजितकडे पाहत राहिले.

"टीव्हीवर पाह्यलं बाप्पा तुले," ते म्हणाले. "माह्या पोरानं दाखोलं. मी म्हटलं, हा तोच काय, ज्याचे बॉल मी वापस देत नव्हतो?"

"हाव काका. तोच."

"राग हाये काय मनात?"

"नाई काका," प्रसेनजित पहिल्यांदा हसला. "तुमच्यामुळंच शिकलो."

माणिकरावांना ते नीट समजलं नाही. त्यांनी कागद घेतला, हात लांब करून वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"नागसेन, एक इचारू? इथं लिवलं हाये, 'माणिकराव यांच्या शेतात कापूस वेचणी चालू असताना.' तारीख चौदा एप्रिल. आता मले सांग भाऊ, एप्रिलात माह्या वावरात कापूस कोठून आणला तू? एप्रिलात तं पऱ्हाटीच्या काड्या चुलीत जाते."

सिंधूताई तोंडाला पदर लावून हसल्या. गुलाबराव हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. चोवीस वर्षं सावलीत बसून वावराचे कागद लिहिणाऱ्या माणसाला वावरात कधी काय असतं याचा विसर पडला होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही साहेबानं हा कागद पाहिला असता तर तो आधी हसला असता आणि मग फाडला असता.

नागसेनचे कान लाल झाले. "चूक झाली. बदलवतो. वावर काढून टाकतो. 'राहत्या घरी' लिहितो, अन् वेचणीचं नावच नको."

आत तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला.

*

चुलीपाशी नागसेनच्या बायकोनं, मंजुश्रीनं, करपलेली भाकर बाजूला काढली आणि नवी थापायला घेतली. तिचे हात चालत होते, पण कान बाहेर होते.

गेली सतरा वर्षं ती गावात आशाताई होती. गावातलं प्रत्येक लेकरू कधी झालं, किती वाजता झालं, वजन किती, सगळं तिच्या वहीत असे. रात्री-अपरात्री बाळंतिणीला गाडीत घालून मेहकरच्या दवाखान्यात नेणारी ती. बाईला आणि तिच्या नवऱ्याला तारखेवरून वाद घालताना तिनं कितीदा पाहिलं होतं, आणि दरवेळी ती नवऱ्याला म्हणे, तुम्ही गप बसा भाऊ, तिला बोलू द्या.

स्वतःच्या घरात मात्र ती गप बसली होती. शाळेत चौदा एप्रिल लिहून आले तेव्हा गप बसली, कारण सासऱ्यांचा तो आनंद पाहण्यासारखा होता. आज तारीखही गेली आणि आता वावरही जाणार. 'राहत्या घरी.' म्हणजे ती दुपार झालीच नाही.

बाहेर नागसेनचा आवाज चढला होता.

"तुमी त्याले खेयतानी पाह्यलं तरी का बाबा? एकदा तरी?"

"मोबाईलात पाह्यलं."

"मोबाईलात तुमाले मुंग्या दिसते! तुमाले मालूम तरी हाये का, काय थांबवून राह्यले तुमी?"

खरं होतं ते. क्लबच्या सिनियर संघाकडून प्रसेनजित सात सामने खेळला होता आणि नागसेनच्या मोबाईलमधली चौदा सेकंदांची ती चित्रफीत मेहकर तहसीलमध्ये येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसानं पाहिली होती. गुलाबरावांना मात्र त्यात हिरव्या रंगावर धावणारे ठिपके दिसत.

"चाला मंग," गुलाबराव उठले. "दाखव. मैदान कोठी पळून गेलं?"

*

चार वाजता शाळेच्या मैदानावर गावातले वीसेक तरुण जमले. प्रसेनजितनं आधी नाही म्हटलं होतं, पाय मोडला तर क्लब मारेल म्हणून. मग आजोबा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे आहेत हे पाहून तो बूट घालायला बसला.

मैदानाची डावी बाजू म्हणजे माणिकरावांचा धुरा. धुऱ्यापलीकडे कमरेएवढी पऱ्हाटी, कपाशीची झाडं. चुना मारलेली रेघ वगैरे इथं कधीच नव्हती. बॉल धुरा ओलांडून गेला की माणिकराव तो ठेवून घेत आणि आठवडी बाजारातून नवा येईपर्यंत खेळ बंद. गावात एकच बॉल होता. त्यामुळे डाव्या बाजूला खेळणारं पोरगं बॉल धुऱ्याच्या काठाकाठानं नेई आणि काही झालं तरी बाहेर जाऊ देत नसे. ते पोरगं सात वर्षं प्रसेनजित होतं.

गुलाबरावांना खेळातलं काही कळत नव्हतं. त्यांना पायांतलं कळत होतं. बारा गावांची डाक त्यांनी सायकल मिळेपर्यंत पायीच वाटली होती. कोण किती चालेल, कोणाचा दम कुठे सुटेल, हे ते माणसाच्या पहिल्या दहा पावलांत सांगत.

पहिल्यांदा बॉल प्रसेनजितकडे आला तेव्हा तो जवळजवळ उभाच होता. समोर दोन पोरं होती, पहिलवानकी करणारी. तो एका खांद्यानं थोडा झुकला, जसा काही खाली पडलेलं काही पाहतोय, आणि मग तिथं नव्हता. गुलाबरावांनी नजर हलवली तोवर तो धुऱ्याच्या काठानं पंचवीस पावलं पुढं होता. बॉल पायाला लागतच नसल्यासारखा दिसे, तरी पायाजवळच असे. धुऱ्यावरच्या गवतात आणि त्या बॉलमध्ये चार बोटांची जागा होती. एवढी जागा त्यानं शेवटपर्यंत ठेवली.

मग तो थांबला.

पळणं गुलाबरावांनी पाहिलं होतं. हरणं पाहिली होती, पैजेचे बैल पाहिले होते. असं थांबणं मात्र पाहिलं नव्हतं. त्या वेगातून एका पावलात हा उभा, आणि मागून धावत येणारी ती दोन धिप्पाड पोरं त्याच्या बाजूनं सरळ पुढं निघून पऱ्हाटीत शिरली. पोरं हसत होती, धुऱ्यावरची माणसं हसत होती. गुलाबरावांनी शेजारी उभ्या माणिकरावांचा दंड धरला.

"हे आपल्या गावचं हाये काय हो, गुलाबराव?" माणिकराव हळूच म्हणाले. आपल्या पऱ्हाटीतून दोन पोरं काड्या मोडत बाहेर येत आहेत, याच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

गुलाबराव नातवाकडेच पाहत होते. आपण याला कडेवर घेतलं होतं, याचं नाक पुसलं होतं, पाढे चुकला म्हणून याच्या पाठीत धपाटा घातला होता. ती पाठ आता समोरून जात होती आणि तिच्याकडे पाहताना त्यांना आपण कुणी आहोत असं वाटत नव्हतं. पाऊण तास ते तसेच उभे राहिले. सिंधूताईंनी पाणी पाठवलं तेही त्यांनी घेतलं नाही. घरी परत आल्यावर ओसरीवर पाय ठेवल्याबरोबर त्यांनी नागसेनसमोर हात पसरला.

"पेन दे."

नागसेननं खिशाला हात लावला, पण पेन काढलं नाही. आपला बाप हे म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"दे म्हणतो ना. वावर काढून टाक, घर लिव, जे लिवाचं ते लिव. मी सही करतो." गुलाबराव म्हणाले. "मी जनमभर प्रतिज्ञेवर खोटं बोललो नाई. एक बोलतो. ते माह्या माथ्यावर. पण ह्या पोराचे पाय माह्या सहीपायी थांबले, असं मले मरतानी नको."

सिंधूताईंनी डोळ्यांना पदर लावला. नागसेन कागद पुढे करत होता, पण त्याचा हातही पूर्ण पुढे जात नव्हता. सकाळपासून त्याला हेच हवं होतं. आता बापाला खोटं लिहून देताना पाहणं त्याच्यानं होईना. माणिकराव चप्पल घालायच्या बेतात होते, ते तसेच उभे राहिले.

"थांबा मामाजी," मंजुश्री म्हणाली.

ती चौकटीत उभी होती. हात पिठाचे.

*

प्रसेनजितनं आईला सासऱ्यांसमोर असं मध्ये बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पुण्यात त्याला बोलणारी माणसं फार भेटली होती. कोच, डॉक्टर, कागदावर सह्या घेणारे लोक. चार वर्षं तो ज्या खोलीत राहत होता, तिथं प्रत्येक पोराकडे स्वतःच्या जन्माची, नावाची, पहिल्या पावलाची काही ना काही गोष्ट होती. त्याच्याकडे चौदा एप्रिल होता आणि तो सांगायला भारी वाटे. बाकी काही कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "मी कसा झालो?"

मंजुश्रीनं हात पदराला पुसले आणि खाली बसली.

"दुपारची येळ होती," ती म्हणाली. "दुसरी येचणी चालू होती. माही ओटी कापसानं भरली होती अन् मी ते खाली करायले चालली, तं तिथंच पोटात कळ आली. अजून वीस दिवस बाकी हाये म्हणे दवाखान्यातली बाई, म्हून मी कामाले गेली होती. तुह्ये बाबा मेहकरले, आजी घरी. संगं एकटी केसरबाई. बाकीच्या बाया दुसऱ्या टोकाले."

केसरबाईचं नाव ऐकताच सिंधूताईंनी मान हलवली. ती म्हातारी दोन वर्षांपूर्वीच गेली.

"तिनं कापसाचा ढीग केला अन् मले त्याच्यावर निजवलं. मंग पाह्यलं तिनं, अन् चूप झाली. मी इचारलं, काय झालं मावशी, तं बोलेच ना. डोकं नोतं ना. पाय होता. आधी एक पाय आला. मंग लय येळानं दुसरा. मी ढेकळं धरून धरून माह्ये नखं निंघाले. केसरबाई म्हणे, मंजू, आता हा राह्यला तं राह्यला. अन् मले त्याचा पाय लागत होता मांडीले, इतकुसा. झाडत होता तो. मी म्हटलं मावशी, हा जित्ता हाये, तू ओढ."

सिंधूताई सरकून तिच्याजवळ येऊन बसल्या.

"हा रडला नाई. काया-निया झाला होता. तिनं कापसानं पुसलं त्याले, तोंडातून कापसानंच काढलं सारं, अन् पालथा धरून मारलं. तवा रडला. तं माणिकभाऊ धावत आले बैलबंडी घेऊन."

"हाव," माणिकराव म्हणाले. "बंडी भरेल होती कापसाची. अर्धी खाली केली मी. बापानं नंतर लय शिव्या देल्या."

"मंग लोकायले कळलं का पोरगं पायाळू हाये. मालूम हाये ना, लोकं काय मानते? पायाळूचा पाय लागला की पाठीतली उसण जाते म्हणे. दुसऱ्या दिवसापासून बाया दारात. पाच दिवसाच्या लेकराचा पाय पाठीले लावून मांगे. मामाजीनं साऱ्यायले हाकलून देलं. असलं काही माह्या घरात चालनार नाई म्हणे. अन् त्या दिवसाचं नावच घ्याचं नाई, असं सांगतलं साऱ्यायले."

"बरोबरच केलं," गुलाबराव पुटपुटले. "पायाळू-गियाळू काही नसते. हे जे त्यानं आज दाखोलं ते मेहनतीचं हाये."

"बरोबरच केलं मामाजी. मी बी तेच सांगतो बायायले. पण त्याच्यासंगं माहा दिवस बी गेला." मंजुश्रीनं नागसेनच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "सकायपासून तुमी भांडून राह्यले. तारीख कोणती द्याची, जागा कोणती द्याची. गावातल्या चारशे लेकरायच्या तारखा माह्या वहीत हाये. एकानं मले इचारलं नाई. मी मेली असती ना त्या ढिगावर. आता म्हणते, वावरच काढून टाकतो."

नागसेननं मान खाली घातली. त्या दिवशी आपण काय करत होतो, हे त्याला आठवत नव्हतं. कुणाचा तरी अर्ज लिहीत असू.

प्रसेनजित आईच्या हातांकडे पाहत होता. ढेकळं धरलेले ते हात. स्वतःच्या पायांबद्दल इतक्या लोकांनी इतकं सांगितलं होतं त्याला, पण ते पाय पहिल्यांदा कुणी धरून ओढले आणि कुणी ओढायला लावले, हे आज कळत होतं. त्याला भीती वाटली, देवळासमोर न जाणाऱ्या माणसालाही कधी कधी वाटते तशी. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि कुणी काही म्हणायच्या आत कोचना फोन लावला.

"सर, जयभीम. सर, माझ्या तारखेत चूक आहे. चौदा एप्रिल खरी नाही. मी दोन हजार पाचचा आहे."

घरात सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यानं आवाज बाहेर सोडला.

"प्रसेन, तुला कळतंय तू काय सांगतोयस?"

"हो सर."

"कॅम्प गेला. पुन्हा मिळेल की नाही, माहीत नाही. तू दोन वर्षं अंडर-सेव्हन्टीन खेळलास, त्याची चौकशी लागेल. हा सीझन कदाचित बाहेर बसशील. मी तुला वाचवू शकेन, असं आत्ता सांगत नाही."

"हो सर."

"कुणी जबरदस्ती केली का?"

"नाही सर. आईनं सांगितलं मला, मी कसा झालो ते."

"बरं. खोटं बोलून गेला असतास तर मला कळलंही नसतं," कोच म्हणाले. "मंगळवारी ये. बूट घेऊन ये, बंदी लागली तरी सराव कुणी बंद करत नाही. आणि खरी तारीख सांग, मला आजच कळवावी लागेल."

प्रसेनजितनं मोबाईल आईपुढे धरला. नागसेननं पहिल्यांदाच पेन उघडलं, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर ठेवलं. बायकोकडे पाहत, तहसीलसमोर बसलेल्या कुठल्याही माणसाला विचारावं तसं त्यानं विचारलं, "तारीख?"

"दोन हजार पाच," मंजुश्री स्वच्छ म्हणाली. "शनवार होता. सव्वीस नोव्हेंबर."

नागसेनचं पेन 'नोव्हेंबर'वर अडकलं. प्रसेनजितनं आजोबांकडे पाहिलं. गुलाबराव बाजेवरून उठून उभे राहिले होते.

"कोणती म्हटली?"

"सव्वीस नोव्हेंबर, मामाजी."

गुलाबरावांचे ओठ हलले. विहारात दर वर्षी त्या दिवशी संविधानाची उद्देशिका तेच वाचत. गावात कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हापासून ते सव्वीस नोव्हेंबर पाळत आले होते. बाबासाहेबांच्या हातून देशाला संविधान मिळालं तो दिवस, म्हणून पोरांना पेढे वाटत आले होते. त्या वर्षी मात्र बाळ-बाळंतीण जगतात की नाही या घोरात तारीख त्यांच्या लक्षातच राहिली नव्हती, आणि पुढे त्या दिवसाचं नाव त्यांनीच बंद केलं होतं. गावात होता तोवर दर वर्षी प्रसेनजितनं आजोबांच्या हातचा तो पेढा खाल्ला होता.

"अवं माय," गुलाबराव सुनेसमोर दोन्ही हात जोडून उभे राहिले. "एवढी मोठी तारीख होती, तं सांगतलं काऊन नाई?"

मंजुश्री उठली. आत चुलीवर तवा तापत ठेवलेला होता.

"इचारलं कोणी मले?"